प्रकाश ओरडत नाही, पंखा ओरडतो

लग्नात आलेल्या भांड्यांवर नाव घालून देणारा माणूस पूर्वी भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसलेला असे. हातात छिन्नी आणि छोटी हातोडी. पुढं विजेवर चालणारं यंत्र आलं, ठकठक गेली आणि करकर सुरू झाली. कारखान्यांतही तेच. सुट्या भागांवर नंबर उमटवायचे तर पोलादी पंच आणि हातोडा, नंतर टोचे मारत जाणारं डॉटपिन मशीन. लोखंडावर लोखंड आपटलं की आवाज होणारच. मग लेसर मार्किंग आलं. इथं धातूला काही टेकतच नाही. दोन लहानसे आरसे भराभर हलतात, प्रकाशाचा किरण त्यांच्यावरून वळत धातूवर फिरतो आणि अक्षर उमटतं. असं यंत्र मुकं असेल, असं कुणालाही वाटेल.

माझा भाचा भोसरीत हेच काम करतो, गाड्यांच्या भागांवर नंबर घालून देण्याचं जॉबवर्क. त्याच्या गाळ्यात तासभर बसलं की कान बधिर होतात. प्रकाशाचा एवढा गोंगाट कसा, असं मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, ‘‘मामू, प्रकाश कशाला ओरडतोय? पंखे ओरडतात.’’

त्याचं बरंचसं खरं आहे. यंत्राच्या पोटात ते थंड ठेवणारे छोटे पंखे असतात. शेजारी धूर ओढणारा ब्लोअर असतो. कुठं कॉम्प्रेसर असतो, कुठं पाणी गार करणारा चिलर. पण किरणही अगदी मुका नसतो. तो सलग वाहत नाही, सेकंदाला वीस-तीस हजार झटक्यांनी येतो. प्रत्येक झटक्याला धातूचा कण वाफ होऊन उडतो, म्हणजे एक सूक्ष्म स्फोटच. त्याची चिरचिर होते. माणसाचा कान सेकंदाला साधारण वीस हजार कंपनांपर्यंत ऐकतो, तेही तरुणपणी. यंत्रावर बसणारा विशीतला पोरगा म्हणतो, बारीक शीळ वाजते. मला पन्नाशी उलटल्यावर ती शीळ ऐकू येत नाही. प्रकाशातून आवाज निघू शकतो हे तसं जुनंच ज्ञान. टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलनं १८८० मध्येच तुटक तुटक प्रकाश पडला की वस्तू आवाज करते, हे दाखवलं होतं.

गोंगाट सहन होत नाही म्हणून माणसं काय करतात? ब्लोअर बंद करतात. फोन आला की बंद, गिऱ्हाईक आलं की बंद, आणि मग तो बंदच राहतो. मला खरी काळजी वाटते ती इथं. स्टेनलेस स्टीलवर मार्किंग होताना उडणाऱ्या धुरात क्रोमियम आणि निकेल असतं. पीव्हीसीवर किरण मारला तर हायड्रोजन क्लोराईड वायू सुटतो. तो छातीला वाईट आणि यंत्रालाही गंज चढवतो. पीव्हीसी तर लेसरखाली घेऊच नये. म्हणजे ज्या आवाजाचा सगळ्यांत जास्त त्रास होतो, तोच फुफ्फुसाची राखण करत असतो. तो गप्प करायचा, पण त्याचं काम चालू ठेवून.

आणि सवय होते म्हणून सोडूनही देता येत नाही. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागत असेल, तर तिथला गोंगाट ८५ डेसिबलच्या आसपास पोचला असं समजावं. रोज आठ तास, वर्षानुवर्षं तेवढ्यात बसलं की कान जातो, आणि जातो तो आधी वरच्या पट्टीत, ४००० कंपनांच्या आजूबाजूला. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते राहतात. स, श, त, थ, फ ही व्यंजनं विरत जातात. मग ‘सात’ की ‘हात’ की ‘भात’, कळत नाही. यमकांवर पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला यापरती शिक्षा नाही. असा माणूस म्हणतो, ‘ऐकू येतंय, पण समजत नाही.’ गेलेलं ऐकणं परत येत नाही.

उपायाआधी शोध. लेसर बंद ठेवायचा आणि एकेक पंखा, ब्लोअर, कॉम्प्रेसर आळीपाळीनं चालू करून ऐकायचं. मोबाईलवरचं आवाज मोजणारं ॲप तुलनेपुरतं चालतं. डेसिबलचं गणित विचित्र आहे. सारखे दोन आवाज असतील आणि एक बंद केला, तर फक्त तीन डेसिबल उतरतात. म्हणून सगळ्यांत मोठ्या आवाजाला आधी हात घालावा. धाकट्यांवर खर्च करून काही हाती लागत नाही.

तो मोठा आवाज बहुधा ब्लोअरचाच निघतो. पंख्याचा वेग पाचव्या हिश्शानं कमी केला तर आवाज साधारण पाच डेसिबल उतरतो. पण हवाही तेवढीच कमी ओढली जाते. त्यावर तोड साधी आहे, नळीचं तोंड कामाच्या जवळ आणायचं. अंतर निम्मं झालं की तेवढाच धूर पकडायला जवळपास चौथा हिस्सा हवा पुरते. बहुतेक गाळ्यांत हे तोंड वीतभर लांब लोंबत असतं आणि ब्लोअर बिचारा जिवाच्या आकांतानं ओढत असतो. किरणाच्या वाटेत येणार नाही एवढं सांभाळून ते पुढं घ्यावं, गाळणी वेळेवर बदलावी, नळीला कमीत कमी वळणं द्यावीत. जमल्यास ब्लोअर भिंतीपलीकडं न्यावा. मात्र तिकडं शेजाऱ्याची खिडकी नाही ना, ते बघून.

टेबलही वाजतं. पत्र्याच्या टेबलावर ब्लोअर ठेवला की ते डफासारखं घुमतं. खाली जाड रबर घालावं. मार्किंगचा पातळ पत्रा थाळीसारखा झणकतो, तो घट्ट आवळून धरावा. झटक्यांचा वेग वाढवून चिरचिर कमी होते का, ते भंगार तुकड्यावर बघावं. अक्षराची खोली आणि रंग त्यानं बदलतात.

पेटी करायची तर फट ठेवू नये. पेटीच्या एकूण पृष्ठभागाचा शंभरावा भाग उघडा राहिला, तर भिंती कितीही जाड असोत, वीस डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडत नाही. आतून साधा फोम किंवा अंड्यांचे ट्रे चिकटवणारे मी पाहिलेत. अंड्यांच्या ट्रेनं आवाज अडत नाही आणि दोन्ही पेट घेतात. आग न धरणारं अस्तरच हवं. पेटीचं दार कामात उघडू नये, कारण धातूवर चालणाऱ्या फायबर लेसरचा किरण डोळ्यांना दिसत नाही आणि पापणी मिटायच्या आत पडदा जाळून जातो.

भाच्यानं नळी पुढं घेतली, ब्लोअरचा वेग उतरवला, खाली रबर टाकलं. पेटी अजून व्हायची आहे. त्या टेबलाशी आता साध्या आवाजात बोलता येतं आणि ब्लोअर दिवसभर चालू असतो. शीळ मात्र वाजतेच, असं तो पोरगा सांगतो. पेटी होईपर्यंत त्यानं कानात बोळे घालावेत, असं ठरलंय.