पाकदामनीचा धडा मुलग्यांनाही

शरीराविषयीचे शिक्षण मुलांना नववीपासून नव्हे, त्याच्या पुष्कळ आधीपासून मिळाले पाहिजे, असे मत सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. संजय कुमार व न्या. आलोक आराधे यांच्या खंडपीठाने २०२५ च्या ऑक्टोबरात उत्तर प्रदेशातील एका अल्पवयीन मुलाच्या प्रकरणात नोंदविले, तेव्हापासून आपल्याकडील साऱ्या चर्चेला शिक्षणखाते एका बाजूस आणि संस्कृतिरक्षक दुसऱ्या बाजूस अशा ठरीव कुस्तीचे रूप आले आहे. परंतु विदर्भातल्या वरूडसारख्या तालुक्याच्या गावी, जेथे मोहल्ल्यातील मूल सकाळी मकतबात, म्हणजे धर्मशिक्षणाच्या शाळेत, बसते आणि दुपारी उर्दू शाळेची घंटा ऐकते, तेथे हा विषय नववीच्या कितीतरी आधी, आणि तोही पोथीनिशी, शिकविण्याची वहिवाट आहे, ही गोष्ट या चर्चेच्या दप्तरी कोणी रुजू करून घेतलेली दिसत नाही. ज्या समाजाला आपण या बाबतीत सर्वांत मुखस्तंभ समजतो, त्याच्या धर्मशास्त्राने निदान ग्रंथात तरी या विषयावर मौन कधीच धरलेले नाही.

याचे कारण साधे आहे. मकतबातील अभ्यास नमाजेपासून सुरू होतो, आणि नमाज शुचितेवाचून होत नाही. म्हणून वजू, म्हणजे नमाजेपूर्वी हातपाय-तोंड धुणे, कसा करावा, कोणत्या अवस्थेत स्नान अवश्य होते, मुलगा अथवा मुलगी वयात आली हे कोणत्या खुणांवरून मानावे, आणि त्या खुणा न दिसल्यास चांद्र गणनेचे पंधरावे वर्ष पुरे होताच त्यांना प्रौढ का समजावे, पाळीच्या दिवसांत नमाज माफ असते पण सुटलेले रोजे मात्र पुढे का भरून काढावे लागतात, हे सगळे हनफी फिक्हच्या, म्हणजे धर्मशास्त्राच्या, प्राथमिक पुस्तकांत आरंभीच्याच प्रकरणांत येते. कुराणाच्या चोविसाव्या, म्हणजे ‘नूर’ या सूरेत तर वयात न आलेल्या लेकरांनाही असा दंडक घालून दिला आहे, की पहाटेच्या नमाजेपूर्वी, दुपारी विश्रांतीसाठी वस्त्रे उतरविण्याच्या वेळी आणि रात्रीच्या नमाजेनंतर, अशा तीन वेळांना आईबापांच्या खोलीत परवानगी मागितल्यावाचून शिरू नये. आणि तीच लेकरे वयात आली, की ही परवानगी सर्वकाळ मागावी. एका खोलीत सहा माणसांचा संसार मांडणाऱ्या कुटुंबाला हा दंडक कितपत पाळता येतो हा प्रश्न निराळा; पण शरीराला एक मर्यादा असते आणि ती दुसऱ्यालाही असते, ही जाणीव सात-आठ वर्षांच्या पोराला देण्याची याहून सुबोध रीत शिक्षणखात्याच्या कोणत्या पुस्तिकेत असेल, याची मला शंका आहे.

विवाहपूर्व संबंधांचा निषेध इस्लामात निरपवाद आहे आणि तो मुलांना तसाच सांगितला जातो, यात संदिग्धता नाही. पण तो कसा सांगावा याचे जे नमुने हदीसवाङ्मयात, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींत, आहेत, त्यांतील एकाकडे आजच्या उपदेशकांनी थोडे थांबून पाहावे. एक तरुण भर बैठकीत पैगंबरांकडे येऊन व्यभिचाराचीच परवानगी मागतो; भोवतालचे लोक त्याच्यावर तुटून पडतात; पैगंबर मात्र त्याला जवळ बसवून घेतात आणि विचारतात की, हे तुझ्या आईच्या बाबतीत तुला रुचेल काय, मुलीच्या, बहिणीच्या, आत्या-मावशीच्या बाबतीत रुचेल काय; आणि प्रत्येक वेळी तो नाही म्हणताच, इतरांनाही ते त्यांच्या आप्तांविषयी रुचत नाही, एवढेच सांगून त्याच्या अंगावर हात ठेवून त्याच्यासाठी दुआ मागतात. ‘मुसनद अहमद’ या हदीससंग्रहात नोंदलेला हा प्रसंग आहे. यात चाबूक नाही, घरी निरोप धाडणे नाही, मोबाइल जप्त करणे तर नाहीच. आणि, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी, प्रश्न विचारणारा मुलगा आहे.

या प्रकरणी मला सर्वांत अधिक विचार करायला लावणारा ग्रंथकार मात्र मध्ययुगीन अरबस्तानातला नव्हे, तर आपल्या काळाजवळचा आहे. मौलाना अशरफ अली थानवी (१८६३–१९४३) हे देवबंदच्या दारुल उलूममध्ये शिकलेले, उत्तर प्रदेशातील थानाभवन या कसब्यात राहून मुरीदांना, म्हणजे शिष्यांना, मार्ग दाखविणारे कर्मठ आलिम. त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मुलींसाठी ‘बहिश्ती जेवर’ हा ग्रंथ सिद्ध केला, आणि सासरी जाणाऱ्या मुलीच्या सामानात कुराणाच्या जोडीने तो देण्याचा प्रघात पडून उर्दू वाचणाऱ्या घराघरांत तो पोहोचला. बरेलवी वळणाच्या घरांत त्याची जागा अब्दुल मुस्तफा आझमी यांच्या ‘जन्नती जेवर’ने घेतली, हाही त्याच्या प्रभावाचाच पुरावा. अक्षरओळखीपासून आरंभ करून पत्रलेखन, हिशेब, टपालाचे नियम, घरगुती औषधे, साध्वी स्त्रियांची चरित्रे इथपर्यंत या ग्रंथाचा व्याप आहे. परंतु त्यात मासिक पाळी, बाळंतपणानंतरची अवस्था, स्नान केव्हा अवश्य होते आणि केव्हा होत नाही, यांचे जे विवेचन आहे, ते इतके निःसंकोच आहे, की ज्या काळात आमच्या र. धों. कर्व्यांना ‘समाजस्वास्थ्य’ मासिकासाठी अश्लीलतेच्या आरोपाखाली कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या आणि १९३४ साली त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांना घ्यावे लागले, त्याच काळात एका परदानशीन समाजातील मुली हा ग्रंथ उजळ माथ्याने बाळगीत होत्या, याचे नवल वाटते. दोघांचे हेतू परस्परविरुद्ध होते, हे मी विसरलेलो नाही. कर्व्यांना माणूस मोकळा करावयाचा होता आणि थानवींना तो शरियतीच्या चौकटीत घट्ट बसवावयाचा होता, आणि नवऱ्याच्या आज्ञेत राहण्याविषयीचा त्यांचा उपदेश आज वाचताना घशाखाली उतरत नाही. पण मुलीला तिच्या शरीराविषयी अज्ञानात ठेवून तिची अब्रू राखता येते, हा भ्रम त्या कर्मठ मौलानांना नव्हता. शिकविणारा पुरुष असेल, तर लाजेच्या गोष्टी त्याने आपल्या पत्नीकरवी समजावून द्याव्यात, किंवा मुलीने त्या पुढे स्वतः वाचाव्यात, अशी तजवीजही त्यांनी करून ठेवली आहे. अमेरिकन विदुषी बार्बरा मेटकाफ यांनी या ग्रंथाच्या काही भागांचे इंग्रजी भाषांतर १९९० साली प्रसिद्ध केले आणि त्यात दाखवून दिले, की थानवींच्या लेखी स्त्रीची बुद्धी वा तिच्यापुढील नैतिक झगडा पुरुषाहून वेगळ्या जातीचा नव्हता. मूळ दहा भाग स्त्रियांसाठी झाल्यावर पुरुषांसाठी ‘बहिश्ती गौहर’ नावाचा अकरावा भागही जोडला गेला. तो कोणत्या घरात किती उघडला जातो, ही चौकशी मोहल्ल्यांनी आपापली करावी.

कारण आज जे चालले आहे ते याच्या नेमके उलट आहे. २०२४ च्या सप्टेंबरात जमाअते इस्लामी हिंदच्या महिला शाखेने ‘अखलाकी महासिन, आझादी के जामिन’ या घोषवाक्याची महिनाभराची मोहीम देशभर चालविली. नीती हीच स्वातंत्र्याची हमी, असा तिचा आशय होता. मोहिमेच्या हेतूविषयी मला किंतु नाही, आणि स्त्रियांनी स्वतः व्यासपीठावर येऊन या विषयावर बोलावे हे तर स्वागतार्हच आहे. पण अशा उपदेशाला गावपातळीवर जे रूप येते, ते जवळजवळ सर्वस्वी मुलींना उद्देशून असते. परदा मुलीचा, झडती मुलीच्या मोबाइलची, शिकवणीची वेळ बदलते ती मुलीची, आणि मुलगा मात्र बसस्थानकावर मित्रांसह उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांची मोजदाद करीत असतो. वास्तविक ‘नूर’ सूरेत नजर खाली ठेवण्याची आज्ञा प्रथम पुरुषांना आहे, स्त्रियांना उद्देशून ती पुढच्या आयतीत येते. कुराणात पाकदामनीचा, म्हणजे शीलाच्या पावित्र्याचा, सर्वांत विस्तृत आदर्श म्हणून जी कथा सांगितली आहे, ती यूसुफ या तरुणाची. परदेशी, परस्वाधीन, घरच्या मालकिणीने दार लावून घेतलेले, आणि तरीही पाठमोरा पळणारा, ज्याच्या निर्दोषत्वाचा पुरावा त्याच्या सदऱ्याचा मागून फाटलेला भाग देतो. ही कथा सांगणारी सूरा स्त्रियांना शिकवू नये, अशी एक क्षीण रिवायत काही उपदेशक सांगतात. हदीसतज्ज्ञ तिला विश्वसनीय मानीत नाहीत. पण ती सूरा निदान मुलग्यांना तरी या अंगाने कोण शिकवितो? ज्यांची विवाहाची ऐपत नसेल अशा तरुणांनी रोजे धरावे, ही बुखारीच्या हदीससंग्रहातील शिकवणही तरुण पुरुषांनाच आहे; आणि अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून पोरांना तालमीच्या वाटेने जो संयम शिकविला, त्याच्याशी तिचे नाते दूरचे नाही.

वरूडच्या बागाइतदाराला हे सांगावे लागू नये. संत्र्याला बहर धरावयाचा तर पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो, पण तो जमीन पाहून, दिवस मोजून आणि साऱ्या बागेला; निम्म्या झाडांचे पाणी तोडायचे आणि निम्मी मोकाट सोडायची, असला बंदोबस्त कोणी शहाणा करीत नाही.

‘नूर’ सूरेचाच आणखी एक भाग आहे, तो तर आमच्या गावोगावच्या पंचांनी चौकटीत लावून ठेवावा. शीलवती स्त्रीवर आळ घेणाऱ्याने चार साक्षीदार आणले नाहीत तर त्याला ऐंशी फटके, आणि त्याची साक्ष पुन्हा कधी ग्राह्य नाही. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशा यांच्यावर मदिनेत उठलेल्या कंड्यांच्या प्रसंगाचे निवेदनही येथेच येते. म्हणजे पाकदामनी जितकी देहाची, तितकीच जिभेची. गेल्या काही वर्षांत एकीकडे ‘लव्ह जिहाद’ आणि त्याला उत्तर म्हणून दुसरीकडे ‘भगवा लव्ह ट्रॅप’ या नावांनी आरोपांचे जे पेव फुटले, त्यात परधर्मीय सहकाऱ्यासोबत दिसलेल्या मुलींना रस्त्यात अडवून, त्यांचे चित्रण करून ते गावभर फिरविणाऱ्या टोळक्यांना, ते कोणत्याही धर्माचे असोत, आपण शीलाचे रक्षक आहोत असे वाटते. शास्त्र त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसावे.

आणि या एकतर्फी शिकवणीची किंमत रोख मोजावी लागते. दहावीनंतर पुढील शिक्षणासाठी अमरावतीची वाट धरायची म्हटले, की पालकांच्या मनात पहिला विचार येतो तो शिक्षणाचा नसून अब्रूचा असतो, आणि मग चांगले स्थळ आले या सबबीवर शाळेचा दाखला काढला जातो. हे एकट्या मुसलमान मोहल्ल्याचे दुखणे नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले, आणि त्यांत सर्व धर्म आले. ‘निकाह सोपा करा, म्हणजे जिना (व्यभिचार) अवघड होईल’, हे वाक्य जलशांतून वारंवार ऐकू येते; मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने २०२१ साली हुंडा आणि उधळपट्टी यांविरुद्ध सोप्या निकाहची जी मोहीम काढली ती योग्यच होती. परंतु निकाह सोपा करणे म्हणजे तो लवकर उरकणे नव्हे. शिवाय बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठरा वर्षांखालील मुलीच्या संमतीला काहीच किंमत ठेवलेली नाही. सतरा वर्षांच्या मुलीला घेऊन पळालेला एकोणीस वर्षांचा पोरगा प्रेमाच्या कैफियतीने सुटत नाही. हे वय सोळावर आणावे असे ज्येष्ठ विधिज्ञ इंदिरा जयसिंग यांनी सर्वोच्च न्यायालयात सुचविले आणि केंद्राने त्यास विरोध केला. फैसला काही होवो, तोवर हा कायदा मुलग्याच्या कानी घालणे हे उस्तादाचे आणि बापाचेही काम आहे.

बहुसंख्याकांनी या बाबतीत कोणाकडे बोट दाखवू नये. २००७ साली विधिमंडळातील ओरडीपुढे नमून किशोरशिक्षणाचा कार्यक्रम महाराष्ट्राच्या शाळांतून तहकूब झाला, आणि २००९ साली व्यंकय्या नायडू यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या याचिका समितीने, शाळांत लैंगिक शिक्षण नको, विवाहापूर्वी संबंध नकोत एवढाच संदेश मुलांना द्यावा, अशी शिफारस केली. कोणत्याही मोहल्ल्यातील मौलवींनी ती अक्षरशः मान्य केली असती. फरक इतकाच, की त्यांच्याजवळ निदान शुचितेचे प्रकरण तरी होते.

विदर्भातच याहून शहाणा प्रयोग झालेला आहे. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांच्या स्त्रियांची तपासणी करून ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये जगापुढे मांडले, आणि त्याच कामातून पुढे तरुण मुलामुलींसाठी ‘तारुण्यभान’ची शिबिरे उभी राहिली. संयमाचे मोल त्यात नाकारलेले नाही. मात्र तो माहितीच्या पायावर उभा केलेला आहे. राज्याच्या आरोग्यखात्याची किशोरवयीनांसाठीची ‘मैत्री’ केंद्रेही सरकारी रुग्णालयांतून आहेत. तेव्हा वरूडच्या जमातीने जुम्याच्या नमाजेनंतर तासभर मुलग्यांना थांबवून घ्यावे, हाफिजसाहेबांनी सूरा यूसुफ सांगावी, तालुक्याच्या रुग्णालयातील डॉक्टरांनी शरीर समजावून द्यावे, कोणा वकिलाने पॉक्सो वाचून दाखवावा. आणि मुलींची बैठक उर्दू शाळेच्या आपांनी स्वतंत्र घ्यावी. रमजान आणि दहावीची परीक्षा सुरू होण्यापूर्वीच या बैठका उरकलेल्या बऱ्या.