जुन्या मोटारीची थरथर: मूळ शोधायचे कसे?

मागच्या चाकांना गती देणाऱ्या जुन्या मोटारीत इंजिनाची ताकद क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट आणि डिफरन्शियल या क्रमाने चाकांपर्यंत पोहोचते. मुंबईकरांच्या सर्वांत ओळखीचे उदाहरण म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, १,०८९ घनसेंटिमीटर इंजिनाची प्रीमिअर पद्मिनी. टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३मध्ये निवृत्त झाली. हौशी मालकांनी जपलेल्या काही पद्मिनी मात्र अजून धावतात. इंजिनापासून चाकापर्यंत यातला जवळपास प्रत्येक भाग फिरता असल्याने थरथर कुठूनही उगम पावू शकते.

परळ-लालबागच्या गर्दीत असा दोष सहसा लपून राहतो. शिवडीहून निघणारा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू जानेवारी २०२४मध्ये खुला झाला. तिथे गाडीने ताशी ८०चा वेग धरला की तोच दोष अंगाला जाणवू लागतो. फिरत्या भागाचा तोल ढळला असेल तर त्यातून निर्माण होणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ४०वरून ८०वर गेल्यास ते चौपट होते.

निदानाचा पाया साध्या गणिताचा आहे. चाकाचा परीघ १.८५ मीटर धरला तर ताशी ८० किलोमीटरला चाक सेकंदाला १२ फेरे घेते. डिफरन्शियलचे प्रमाण ४.३ असेल तर त्याच वेळी शाफ्टचे सुमारे ५२ फेरे होतात. अक्षापासून ३५ मिलिमीटरवर २० ग्रॅम जास्तीचे वजन असेल, तर या गतीला ते साडेसात किलोच्या भाराइतक्या जोराने शाफ्टला ओढते, आणि ओढीची दिशा प्रत्येक फेऱ्यात पूर्ण फिरते. चाकाचा किंवा टायरचा दोष सावकाश डुगडुगीसारखा जाणवतो. शाफ्टचा दोष बारीक, गुणगुणत्या थरथरीसारखा असतो.

इंजिन आणि शाफ्ट वेगळे ओळखणे अधिक अवघड. टॉप गिअरचे प्रमाण एकास एक असल्यास दोघांचे फेरे सारखेच असतात. म्हणून वेग तोच ठेवून, इंजिनाला झेपत असेल तर, खालच्या गिअरमध्ये गाडी चालवून पाहावी. शाफ्टची गती बदलत नाही, इंजिनाची वाढते. थरथर होती तशीच राहिली तर संशय शाफ्टवर किंवा त्यापुढच्या भागांवर जातो. इंजिनाबरोबर बदलली तर इंजिन, क्लच किंवा इंजिनाचे रबरी फाउंडेशन तपासावे. उभ्या गाडीत, न्यूट्रलमध्ये इंजिन तितक्याच फेऱ्यांवर नेऊनही पडताळणी होते. फोनमधल्या कंपनमापकाचा उपयोग होतो. मात्र तो सेकंदाला १०० नोंदी घेत असेल तर ५०च्या पलीकडची वारंवारिता चुकीची दिसते.

शाफ्टच्या टोकांना असलेले ‘क्रॉस’, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट, स्वतंत्र लक्ष मागतात. शाफ्ट कोनात असला की असा जॉइंट एका फेऱ्यात दोनदा गती वाढवतो आणि दोनदा कमी करतो. ३ अंशांच्या कोनात हा चढउतार सुमारे ०.१४ टक्के असतो, १० अंशांत दीड टक्का. दोन्ही टोकांचे कोन समान आणि दोन्ही काटे एका रेषेत असतील तर एका जॉइंटचा चढउतार दुसरा खोडून काढतो. मागचे कमानपाटे बसले, गिअरबॉक्सचे रबर खचले किंवा शाफ्ट पुन्हा बसवताना दाते एका घराने चुकले, तर हा मेळ बिघडतो. म्हणून शाफ्ट काढण्याआधी दोन्ही बाजूंना खूण करणे आवश्यक ठरते.

तपासणी स्वस्त बाबींपासून सुरू करावी: हवेचा दाब, महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या टायरला पडलेली चपटी जागा, व्हील बॅलन्सिंग, चाकांचे नट. त्यानंतर चाकांना ओट लावून, गाडी भक्कम स्टँडवर घेऊन शाफ्ट हाताने मागेपुढे फिरवावा. क्रॉसमध्ये खेळ जाणवला किंवा कपातून गंजाची भुकटी पडली तर तो बदलावा. समुद्राजवळच्या दमट हवेत ग्रीस नसलेल्या जॉइंटला गंज लवकर धरतो. शाफ्टला पोचा पडला आहे का, बॅलन्सिंगची वेल्ड केलेली पट्टी निखळली आहे का, हेही पाहावे. फक्त अॅक्सिलरेटर दाबल्यावरच थरथर येत असेल, तर ढिले क्रॉस आणि खचलेली फाउंडेशन यांवरचा संशय बळावतो.

एका वेळी एकच भाग बदलावा आणि प्रत्येक बदलानंतर त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला आणि त्याच गिअरमध्ये चाचणी घ्यावी. अनेक भाग एकदम बदलल्यास थरथर थांबली तरी खरे कारण हाती लागत नाही, आणि तोच दोष पुन्हा उद्भवला तर शोध पहिल्यापासून करावा लागतो.