एका दिवसाची जंगलवाट : दाजीपूर

कुठे : राधानगरी अभयारण्य. कोल्हापूरहून राधानगरीमार्गे दाजीपूर सुमारे ८० किमी, पहाटे निघा.

ओळख : कोल्हापूर संस्थानचे हे शिकारीचे रान १९५८ मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झाले. क्षेत्र सुमारे ३५१ चौ. किमी. पश्चिम घाटासोबत २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश.

काय दिसेल : गवा, सांबर, भेकर, शेकरू, कारवीची झुडपे, कातळसडे.

कधी : हिवाळा उत्तम. पावसाळ्यात जंगल पर्यटकांसाठी बंद.

वाटाड्या : स्थानिकच घ्या. खुरांचे ठसे, विष्ठा, पाणवठे त्याला वाचता येतात आणि जंगल राखण्याचा मोबदला गावात राहतो.

पथ्य : गवा समोर आला तर थांबा, आवाज न करता मागे सरका. एकटा नर अधिक धोकादायक. प्लास्टिक परत आणा.