दोन वायरी, एक खांब

"नेट नाही, थांबा." आमच्या पतसंस्थेच्या रांगेत तासभर हे ऐकलं. पुढच्या आठवड्यात तिथे दुसरी लाइन बसणार असं कळलं, तेव्हा मुद्दाम बघायला गेलो.

नेटवाला पोरगा स्टुलावर उभा होता. गणपतीच्या तसबिरीखाली जुना राउटर, त्यावर उदबत्तीची राख. फुंकर मारून त्याने तो उतरवला. दोन कंपन्यांचं फायबर आणि दोन्ही लाइनी घेणारा नवा राउटर जोडायला पंधरा मिनिटंही लागली नाहीत.

"एक लाइन साडेनव्व्याण्णव टक्के चालते धरा, तरी वर्षात ४४ तास बंद. दोन असल्या की १३ मिनिटं," तो म्हणाला. घरी गणित करून पाहिलं. बरोबर होतं, फक्त दोन्ही लाइनींनी आपापल्या वेळी मरायला हवं.

"म्हणजे स्पीड डबल?" मॅनेजरांनी विचारलं.

"नाही काका. एक फाइल एकाच लाइनीने उतरते. गर्दी तेवढी वाटली जाते."

एक लाइन १०० एमबीपीएसची, दुसरी ५०ची, म्हणून वाटणी दोनास एक. बँकेची कामं मात्र त्याने एकाच लाइनीला बांधली. मध्येच आयपी बदलला तर काही साइट सरळ लॉगआउट करतात.

लाइन जिवंत आहे का, हे राउटर दर काही सेकंदांनी पिंग करून, म्हणजे हाक मारून, बघतो. आधी ते पिंग शेजारच्याच मोडेमच्या डब्याला जात होतं. बाहेर फायबर तुटलं तरी डबा आपला 'ओ' देतच राहणार! पोराने तिथे गूगलचा ८.८.८.८ हा पत्ता टाकला आणि एका लाइनीचं फायबरच उपसलं. कॅशियरबाईंच्या स्क्रीनवर चक्र फिरलं. मी श्वास धरून बसलो. त्या चहा पीत होत्या. पान उघडलं.

मी खूश होऊन बाहेर आलो. पोरगा खांबाकडे बघत उभा होता. दोन्ही वायरी त्याच खांबावर, एकाच तारेने आवळलेल्या, पुढे एकाच कडुनिंबातून गेलेल्या. जानेवारी २००८मध्ये भूमध्य समुद्रातल्या दोन केबल एकाच दिवशी तुटल्या आणि भारताचं बरंचसं इंटरनेट गेलं होतं, ते आठवलं.

"मग १३ मिनिटं?"

"तिसरी लाइन सिमकार्डाची टाकू म्हटलं होतं. मॅनेजरकाका मीटिंगमध्ये ठेवतो म्हणाले."

मे महिना होता. पावसाळ्याआधी वीजवाले कोयता घेऊन त्या कडुनिंबावर चढतात.