मिठाला पाणी सुटतं तेव्हा

कोकणात पाऊस स्थिरावला की स्वयंपाकघरातलं मीठ चमच्याला चिकटायला लागतं आणि चार दिवसांत बरणीच्या तळाशी पाणी साचतं. ते कुणी सांडलेलं नसतं. मिठानेच ते हवेतून ओढून घेतलेलं असतं. पावसाळ्यात टीव्ही, राउटर, इन्व्हर्टर का बिघडतात ते समजून घ्यायचं तर या बरणीपासूनच सुरुवात करावी.

गेल्या पावसाळ्यात आमचा टीव्ही बंद पडला. छप्पर गळत नव्हतं, भिंत ओली नव्हती, मला काही उमजेना. दुरुस्तीवाल्या मुलाने मागचं झाकण काढून बोर्ड उजेडात धरला आणि भिंग माझ्या हातात दिलं. एका कनेक्टरच्या पिनांभोवती हिरवट पांढरी पूड जमली होती. त्याने ती ब्रशने झाडली, तर खालची केसाएवढी तांब्याची रेघ मधेच नाहीशी झालेली. "काका, ट्रॅक खाल्लाय. नुसत्या पाण्याचं काम नाही हे, खाऱ्या हवेचं आहे," तो म्हणाला.

त्याचं म्हणणं अक्षरशः खरं आहे. शुद्ध पाण्यातून वीज फारच कमी वाहते. पण किनाऱ्यावर लाट फुटते तेव्हा उडणारे बारीक तुषार वाऱ्यावर सुकतात आणि त्यातलं मीठ घरात येतं, धुळीबरोबर यंत्राच्या जाळीतून आत जाऊन बोर्डावर बसतं. उन्हाळ्यात ते कोरडं असतं, त्रास देत नाही. हवेची आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठसुद्धा विरघळू लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, त्यामुळे ते त्याही आधी ओलं होतं. कोकणातल्या पावसाळ्यात आर्द्रता 85 च्या वर असणं रोजचंच. म्हणजे थेंबभर पाणी न पडताही बोर्डावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर तयार होतो.

आता त्या बोर्डावरच्या दोन रेघा बघा. दोघींमध्ये जेमतेम अर्धा मिलिमीटर अंतर, एकीवर पाच व्होल्ट, दुसरीवर शून्य. मध्ये खारं पाणी आलं की धन बाजूचं तांबं विरघळून ऋण बाजूकडे सरकतं आणि तिथे झाडाच्या फांद्यांसारखं वाढत जातं. फांदी पलीकडे पोचली की शॉर्ट होतो. तोवर धन बाजूची रेघ झिजून तुटली, तर यंत्र आधीच मुकं होतं. यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की तांब्याची ही वाहतूक व्होल्टेज असतानाच होते. बंद यंत्र ओलं झालं तर गंज हळूहळू चढतो, ओल्या यंत्राला वीज दिली तर काम झपाट्याने बिघडतं.

म्हणून माझं मत असं झालंय, की पावसाळ्यात सगळ्यात वाईट अवस्था स्टँडबायची. टीव्ही चालू असतो तेव्हा आतली उष्णता बोर्ड कोरडा ठेवते. रिमोटने बंद केला की ती उष्णता जाते, पण काही भागांत व्होल्टेज तसंच राहतं. रोज टीव्ही लावत असाल तर काळजी कमी. आठवडाभर लावणार नसाल तर प्लगच काढा. विजा चमकत असतील तर नाहीतरी काढायलाच हवा.

दवाची गोष्ट वेगळी. ती आमच्याकडे एसीबरोबर आली. तीस अंशांच्या हवेत एका घनमीटरमागे जास्तीत जास्त तीसेक ग्रॅम वाफ मावते, 23 अंशांना वीसेक ग्रॅमच. एसीच्या खोलीतला गार लॅपटॉप पडवीत आणला की 90 टक्के दमट हवा त्याला टेकते, गार होते आणि जादा वाफ त्याच्यावर पाणी होऊन बसते. फ्रिजमधल्या बाटलीला सुटतो तोच घाम, फक्त इथे तो आत बोर्डावरही सुटतो. उपाय साधा आहे: एसीच्या खोलीतच लॅपटॉप प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, मग बाहेर आणा आणि तासभर पिशवी उघडू नका. दव पिशवीवर बसेल, लॅपटॉपवर नाही. एसी गाडीतून आणलेल्या कॅमेऱ्यालाही हेच लागू.

फोन भिजला की लोक तो तांदळाच्या डब्यात खुपसतात. पावसाळ्यात तांदूळ स्वतःच सर्दलेला असतो, तो काय ओल शोषणार? वर त्याची पूड चार्जिंगच्या भोकात जाते. फोन बंद करावा, भोक खाली धरून हलकेच झटकावा, पंख्याच्या वाऱ्यात ठेवावा आणि पूर्ण सुकेपर्यंत चार्जरला लावू नये. सिलिका जेलची पुडी उपयोगी आहे, पण घट्ट झाकणाच्या डब्यातच. उघड्यावर ती खोलीची हवा पिऊन लवकरच निकामी होते.

जुनी माणसं रेडिओच्या कपाटात पिवळा बल्ब लावून ठेवत, त्यामागचं गणित पक्कं आहे. तीस अंशांची 90 टक्के आर्द्रतेची हवा नुसती पाच अंशांनी तापवली, तर आर्द्रता सत्तरीच्या खाली येते. वाफ तेवढीच राहते, हवेची ती धरून ठेवण्याची ताकद वाढते. एलईडी बल्ब मात्र इथे चालत नाही, त्याची उष्णता पुरत नाही.

गणपतीला चाकरमानी येतात, महिनोन्महिने बंद असलेलं घर उघडतात आणि आरतीच्या घाईत पहिल्यांदा अॅम्प्लिफायरचा प्लग खोचतात. त्याऐवजी आल्या दिवशी खिडक्या उघडाव्यात, अॅम्प्लिफायर आणि टीव्ही भिंतीपासून पुढे ओढावेत, पडदा आणि प्लॅस्टिकपासून लांब ठेवलेल्या साठ वॉटच्या पिवळ्या बल्बची ऊब त्यांना चार-पाच तास द्यावी आणि मगच वीज जोडावी. पांढरी पूड दिसली तरी टीव्हीचं झाकण स्वतः उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून जास्त व्होल्ट काही वेळ टिकून राहतात. ते काम ज्याला येतं त्याच्यावरच सोपवावं, आणि बोर्ड आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) धुऊन द्यायला सांगावं.