शिक्षा केली, पण भांडण मिटले का?



मागच्या सत्रात सातवीच्या एका मुलाने मधल्या सुट्टीत वर्गमित्राच्या डोक्यात कंपासपेटी मारली. रक्त निघाले, दोन टाके पडले. आम्ही मारणाऱ्या मुलाला तीन दिवस घरी बसवले आणि प्रकरण संपले असे समजलो. शनिवारी बालसभेनंतर त्याच वर्गातील एका मुलीने येऊन जे सांगितले ते आम्हाला माहीत नव्हते. तो मुलगा बैहरकडच्या गावातून आलेला. त्याच्या बोलण्यात गोंडी शब्द येतात. दिवाळीपासून त्याची रोज नक्कल केली जात होती, डब्यातल्या कोदोच्या भाताला नावे ठेवली जात होती. तो हँडपंपामागे एकटा बसून जेवत असे. वर्गातल्या सगळ्यांना हे ठाऊक होते, फक्त शिक्षकांना नव्हते.

मारणे चूकच होते. परंतु आम्ही एका दिवसाच्या रागाला शिक्षा दिली आणि चार महिन्यांच्या अपमानाकडे पाहिलेच नाही. म्हणून अशी भांडणे कमी करण्यासाठी इतर शाळांनी काय केले, याची माहिती आम्ही मिळवली. ती येथे थोडक्यात देत आहोत.

सुरुवात साताऱ्यापासून करू. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तेथील सरकारी शाळेत भीमराव आंबेडकर यांचे नाव दाखल झाले. त्यांना वर्गात वेगळे बसावे लागे, तेही स्वतःच्या तरटाच्या तुकड्यावर. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. त्या शाळेत कुणी त्यांना मारत होते असे नाही. बसण्याची आणि पाण्याची व्यवस्थाच अपमान करणारी होती. त्याच साताऱ्यात १९२४ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील यांनी वसतिगृह सुरू केले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत आणि एकाच पंगतीत जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. भाऊरावांनी केवळ समतेवर भाषणे दिली नाहीत, तर रोजची व्यवस्था बदलली. एका चुलीवर रांधणाऱ्या मुलांना एकमेकांना परके मानणे कठीण जाते.

हीच गोष्ट अमेरिकेत वेगळ्या रीतीने दिसली. १९७१ मध्ये टेक्सास राज्यातील ऑस्टिन शहरात गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुले एका वर्गात आली आणि भांडणे वाढली. मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन यांनी पाच-सहा मुलांचे मिश्र गट केले. धड्याचे तुकडे करून प्रत्येकाला एक दिला. प्रत्येकाने आपला भाग इतरांना शिकवायचा. ज्याला आपण हसतो त्याच्याकडूनच आपला धडा पूर्ण होणार असेल, तर त्याचे ऐकावेच लागते.

नॉर्वेमध्ये १९८३ साली डॅन ओल्वेयस यांनी शाळांसाठी कार्यक्रम तयार केला. त्रासाबद्दल मुलांना नाव न लिहिता प्रश्नावली देणे, मधल्या सुट्टीत मोठ्यांनी मैदानात हजर राहणे, वर्गात मोजके स्पष्ट नियम लावणे, दर आठवड्याला वर्गाची बैठक घेणे, आणि त्रास देणारा व सोसणारा या दोघांशी व त्यांच्या पालकांशी बोलणे, असे त्याचे स्वरूप होते. बर्गन येथील पहिल्या अभ्यासात त्रासाचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटले. इतर देशांत एवढे यश सगळीकडे मिळाले नाही, हेही सांगितले पाहिजे.

आपल्या देशात २००८ पासून मुंबई महापालिकेच्या ४५ शाळांत सहावी-सातवीच्या मुलामुलींसाठी 'जेम्स' नावाचा उपक्रम झाला. 'कोरो' आणि टाटा समाजविज्ञान संस्था त्यात सहभागी होत्या. खेळ, नाटुकली आणि चर्चा यांतून मुलगा-मुलगी भेद व मारहाण यांवर मुले बोलू लागली. समतेविषयीचे विचार लवकर बदलले. मारहाणीबाबतचे निकाल मात्र संमिश्र होते. वागणे बदलायला वेळ लागतो, म्हणून एका व्याख्यानावर समाधान मानू नये, हा त्यातला धडा.

आता आपल्याकडे पाहू. आपण बालाघाटचे मराठी लोक. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. नागपूरला गेलो की नातेवाईक आमच्या हिंदीमिश्रित मराठीला हसत, आणि इकडे कॉलेजात आमच्या मराठी वळणाच्या हिंदीला मुले हसत. आपल्यापैकी अनेकांनी हे सोसले आहे. तरीही आपल्याच शाळेत पोवारी किंवा गोंडी बोलणाऱ्या लेकराला हसले जाते. याची जबाबदारी आम्ही प्रथम स्वतःकडे घेतो.

या सत्रात आम्ही पुढील गोष्टी करणार आहोत. वर्गात बसण्याच्या जागा दर पंधरवड्याला बदलतील आणि डबा मिश्र गटांत खाल्ला जाईल. मधल्या सुट्टीत दोन शिक्षक मैदानात व एक हँडपंपाजवळ राहील. सहामाहीत एकदा नाव न लिहिता प्रश्नावली भरून घेतली जाईल. बालसभेतील अर्धा तास वर्गाच्या बैठकीला दिला जाईल. शिक्षकांचा हात किंवा टोचणारा शब्द चालणार नाही. शिक्षणाच्या अधिकाराच्या २००९ च्या कायद्याने, कलम १७ नुसार, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही मना केले आहेत.

विश्वस्तांना विनंती की वर्षअखेरीस निकालाच्या टक्क्यांसोबत या प्रश्नावलीचा गोषवाराही आमच्याकडून मागावा. पालकांनी 'किती मार्क पडले' याबरोबर 'आज डबा कुणासोबत खाल्ला' हेही विचारावे. घरी जाती-बोलीवरून जे बोलले जाते, तेच मुले शाळेत आणतात.

आणि विद्यार्थी मित्रांनो, त्या मुलीने आम्हाला सांगितले ती चुगली नव्हती. ती चार महिने आधी आली असती, तर दोन्ही मुले वाचली असती. पण ती आली नाही, कारण आमच्याकडे यावे असे आम्ही तुम्हाला कधी सांगितलेच नव्हते. आज सांगत आहोत. कार्यालयाचे दार उघडे आहे.