एक दिवस जास्त खाल्लं, म्हणून आठवडा वाया जात नाही



गटाच्या बैठकीत बचत, कर्ज, हप्ते झाले की हल्ली आणखी एक विषय निघतो, तो म्हणजे वजन. कुणाला डॉक्टरांनी साखर वाढल्यामुळे वजन कमी करायला सांगितलंय, कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला प्रेशरची गोळी चालू झाली आहे. काही ताया मोबाईलवर कॅलरी मोजतात, काही वहीत लिहून ठेवतात. आणि मग प्रश्न एकच येतो : "ताई, सहा दिवस मोजून मापून खाल्लं, सातव्या दिवशी सुटलंच. आता सगळं पाण्यात गेलं का?"

उत्तर आधीच सांगते : नाही गेलं. पण त्या दिवसानंतर आपण जे करतो, त्याने मात्र जाऊ शकतं. ते कसं, ते आज बघू.

एकादशीचंच उदाहरण घेऊ

माझं माहेर मुंबईत वडाळ्याला. तिथे कात्रक रोडवर विठ्ठल-रखुमाईचं जुनं मंदिर आहे, लोक त्याला 'प्रति पंढरपूर' म्हणतात. ज्यांना पंढरपूरला जायला जमत नाही, ते दादर, परळ, लालबागकडून आषाढीला वडाळ्याला येतात. दिंड्या येतात, जत्रा भरते, रांग लांबच लांब लागते. रांगेतल्या भाविकांना ठिकठिकाणी खिचडी, केळी, राजगिऱ्याचे लाडू, चहा वाटला जातो. घरी गेल्यावर पुन्हा भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळी, वेफर्स असतातच. आपल्या गावातही यापेक्षा काही वेगळं होत नाही. "एकादशी, दुप्पट खाशी" ही म्हण उगाच पडलेली नाही!

आता हिशोब बघा. अर्धी वाटी, म्हणजे साधारण ५० ग्रॅम कोरडा साबुदाणा घेतला तर त्याच्या १७५ कॅलरी. २५ ग्रॅम दाण्याचं कूट घातलं, त्याच्या सुमारे १४०. वर तीन छोटे चमचे तूप, त्याच्या १३०च्या पुढे. एक बशी खिचडी ४५०च्या घरात गेली. दोन बश्या म्हणजे ९००. खिचडी वाईट नाही, पण ती थोडक्यात खूप शक्ती देते आणि त्यात भाजी जवळजवळ नसतेच. सकाळपासून पोटात काही नसलं की पहिली बशी कधी संपली, तेसुद्धा कळत नाही.

रोजचा नाही, आठवड्याचा हिशोब

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली कोणाला किती कॅलरी लागतात ते ठरवून दिलं आहे. ५५ किलो वजनाची बाई बसून काम करत असेल तर दिवसाला १६६०, मध्यम कष्टाचं काम असेल तर २१३० आणि जड कामाची असेल तर २७२०. म्हणजे भात लावणीच्या दिवसांतला आणि उन्हाळ्यातल्या निवांत दिवसांतला आकडा एकच धरून चालायचं नाही.

समजा एका ताईला २१३० लागतात. वजन कमी करायचं म्हणून ती १८०० खाते. रोज ३३० वाचले, सहा दिवसांत १९८० वाचले. सातव्या दिवशी एकादशी आली आणि २९०० झाल्या. म्हणजे गरजेपेक्षा ७७० जास्त. १९८० मधून ७७० वजा करा, अजून १२१० शिल्लक आहेत! आठवडा तोट्यात नाही, बचतीतच गेला. बचत थोडी कमी झाली, एवढंच.

आपल्या गटात एखाद्या ताईची एका आठवड्याची बचत चुकली तर आपण तिचं खातं बंद करतो का? नाही. नोंद करतो आणि पुढच्या बैठकीला ती परत बचत भरते. इथेही तसंच करायचं.

मग काटा एक किलोने का वाढतो?

दुसऱ्या दिवशी वजन केलं की काटा वर गेलेला दिसतो आणि धीर सुटतो. पण एक किलो चरबी वाढायला ढोबळमानाने ७७०० कॅलरी जास्त जाव्या लागतात. आपल्या ताईच्या तर ७७०च जास्त गेल्या. मग हे वजन कुठून आलं? बरंचसं पाण्याचं. साबुदाणा, बटाटा, साखर यांचा काही भाग शरीर साठवून ठेवतं आणि त्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खारट वेफर्समुळेही पाणी साठतं. शिवाय खाल्लेलं अन्न अजून पोटात असतंच. नेहमीसारखं जेवत राहिलं की दोन-चार दिवसांत हे वजन आपोआप उतरतं. पाळीच्या आधीही असं होतं. म्हणून रोज काट्यावर उभं राहू नका. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, सकाळी उपाशीपोटी वजन करा.

खरी चूक दुसऱ्या दिवशी होते

काल जास्त झालं म्हणून आज जेवायचंच नाही, असं आपण ठरवतो. दिवसभर चहावर काढतो, जेमतेम ९०० कॅलरी जातात. चक्कर येते, चिडचिड होते, मुलांवर आवाज चढतो. तिसऱ्या दिवशी भूक इतकी खवळते की २७०० कधी होतात ते समजत नाही. आता बेरीज करा : ९०० आणि २७०० मिळून ३६००. दोन्ही दिवस शांतपणे १८०० खाल्लं असतं तरी ३६००च झाले असते! उपाशी राहून मिळालं काय? फक्त चक्कर.

शिवाय आपल्या बायकांचा आणखी एक प्रश्न आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. वजन जास्त असलेल्या बाईलाही रक्त कमी असू शकतं. तिने डाळ, भाजी, अंडं सोडून उपाशी राहायचं म्हणजे एक दुखणं कमी करताना दुसरं वाढवायचं.

वहीत न दिसणाऱ्या कॅलरी

काही ताया म्हणतात, "मी तर कमीच खाते, तरी वजन उतरत नाही." तर या गोष्टी वहीत येतात का बघा :

- चहा : दिवसाला पाच कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे दहा चमचे. फक्त साखरेच्याच २०० कॅलरी.
- तेल : एका छोट्या चमच्याच्या ४५. भाजीत पळीने ओततो, तेव्हा किती चमचे गेले ते मोजत नाही.
- पोरांच्या ताटातलं उरलेलं : "टाकून कशाला द्यायचं" म्हणून आपण शेवटी बसतो आणि उरलंसुरलं संपवतो. अन्न वाया जाऊ नये हे खरं, पण त्यासाठी आपलं पोट हा एकच मार्ग नाही. थोडं कमी शिजवा, उरलं तर झाकून ठेवा, आणि सगळ्यांबरोबर जेवायला बसा.

सणाच्या दिवशी काय करायचं?

१. आषाढीपासून दिवाळीपर्यंत सण येतच राहणार. तो दिवस आधीच वहीत 'सणाचा दिवस' म्हणून लिहा. ठरवून खाल्लेलं मनाला टोचत नाही.
२. सकाळपासून कडकडीत उपाशी राहून संध्याकाळी तुटून पडू नका. मध्ये ताक, दही, एखादं फळ घ्या.
३. एक बशी वाढून घ्या आणि बसून खा. कढईतून घास घेत उभ्याने खाल्लं की अंदाज राहत नाही.
४. "आज मोडलंच आहे, तर खाऊन घेऊ" हा विचार आला की थांबा. ३०० जास्त होणं आणि १००० जास्त होणं यात फरक आहे.
५. जास्त झालं तर खरा आकडा लिहा. दुसऱ्या दिवशी नेहमीचं जेवण : भाकरी, डाळ किंवा उसळ, भरपूर भाजी. शिक्षा नको.

आठवड्याला अर्धा किलोपेक्षा जास्त उतरवायची घाई करू नका.

कुणी मोजू नये, कुणी आधी विचारावं

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या तायांनी वजन कमी करायच्या मागे लागू नये. १५० सेंटिमीटर उंचीच्या बाईचं वजन साधारण ४२ ते ५२ किलो असलं तर ते बरोबर आहे, शेजारणीकडे बघून कमी करायची गरज नाही. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपवास धरण्याआधी किंवा जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचाराच.

आणि एक नाजूक गोष्ट. सणाला दोन घास जास्त जाणं वेगळं. पण दर आठवड्याला लपून खूप खाणं, हात थांबवायचा म्हटलं तरी न थांबणं, नंतर स्वतःची किळस वाटणं किंवा मुद्दाम उलटी काढणं, असं महिनोन्‌महिने होत असेल तर तो हावरटपणा नाही, आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. आशाताईंशी बोला, आरोग्य केंद्रात जा, किंवा सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ वर फोन करा. हा फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

पुढच्या बैठकीला मोजणाऱ्या तायांनी आपापली वही आणावी. आकडे सगळ्यांसमोर वाचून दाखवायचे नाहीत, कुणाचं वजन कुणी विचारायचं नाही. सात दिवसांची बेरीज करून तिला सातने कसं भागायचं, तेवढं आपण मिळून करू. कर्जाचं व्याज काढायला शिकलो, हे तर त्याहून सोपं आहे.

तुमची,
क्षेत्र समन्वयक